दोन्ही वेळा तंतोतंत

...न्हाई, पण मला एक सांगा, बीपीचं पैलं माप सोडून देतेत आणि प्रश्नाचं पैलं माप धरून बसतेत, ही कुठली रीत म्हणायची? तुमी बसा हो, बसा, धारूरची यष्टी यायला लई टाइम हाय, आणि आली तरी ड्रायव्हर कपभर च्या पेल्याबिगर हलत न्हाई. तुमाला सांगतो, माझा सगळा जलम मापात गेला. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर व्हतो मी, उत्तरेश्वर काटेवाले म्हणलं की तेलगावात कुणी बी घर दाखवील. भरलेली गाडी चढवायची, आकडा थांबूस्तोर दम धरायचा, मग रिकामी चढवायची, मग वजाबाकी. शंका आली तर परत चढवा, तेवढंच भरलं पाहिजे. माझ्या हातात काटा असताना दोनदा चढवलेल्या गाडीत फरक निघाला न्हाई कधी, आणि तीच खोड आता माझ्या मुळावर आली बघा... कशी ते सांगतो. आपल्याला काय घाई हाय? आपण निवांत.

तर आमची ही पुण्याला असती. आता लगीच तसं बघू नका, भांडण-बिंडण काय न्हाई. पोरगा अभिमन्यू आणि सून दिपाली, दोघं बी कंपनीत. नातू तान्हा, पाळणाघरात ठिवायचा म्हणलं की सून रडायची, घरी ठिवायचा म्हणलं की बघणार कोण, मग गेली आजी. चार महिन्यासाठी गेलती. नातू आता शाळंत चाललाय. तुमी कावून गेले न्हाईत म्हणता? गेलतो की. नवव्या मजल्यावर घर, लिफ्टमधी शिरलं की सगळी माणसं दाराकडं तोंड करून उभी, कुणी कुणाला इचारना की बाबा कोणत्या गावचा. एका गृहस्थाला मीच इचारलं तर त्यो आदल्या मजल्यावर उतरून जिन्यानं गेला. आलो परत. हितं आपलं घर हाय, अंगण हाय, नळाला एक दिवसाआड पाणी हाय. आपण निवांत.

तर एक दिवस दारात पोरगी. बीडची, इरम नाव, डोक्यावर ओढणी, पाठीवर पिशवी, हातात ते चपटं यंत्र, बोट लावायचं. म्हणली, "काका, साठीच्या पुढच्या माणसांमधला एकटेपणा मोजायचा आहे." मी म्हणलं, बाई, किलोत का क्विंटलमधी? तर हसली न्हाई ती. म्हंजे तिला सगळेच हे म्हणत असणार, आणि मला वाटलं मीच लई हुशार.

तिनं समजावून सांगितलं. कुठल्याशा मोठ्या कॉलेजातल्या डॉक्टरांचा अभ्यास हाय, एकट्या माणसाचं बीपी जास्ती चढतं का ते बघायचंय. आता बीपी मोजायचं यंत्र हाय, एकटेपणा मोजायचं यंत्र न्हाई, म्हणून प्रश्न. ते प्रश्न बाहीरच्या देशातले, मराठीत आणलेले, मग ते हितं बराबर मोजतेत का न्हाई ते आधी मोजायचं. म्हणलं म्हंजे मापाचं माप. म्हणली, "अगदी बरोबर, काका." झालं, तिथंच मी फुगलो.

आधी बीपी घेतलं. तीनदा घेतलं. पैल्यांदा लई चढलं, दुसऱ्यांदा उतरलं, तिसऱ्यांदा आणखी उतरलं. आणि पैलं दिलं सोडून! म्हणलं, सोडलं कावून? म्हणली, "पहिल्या वेळेला माणूस बिचकतो, काका. समोर अनोळखी माणूस, हाताला पट्टा. पहिला आकडा खरा नसतो. पुढच्या दोन्हींची सरासरी धरायची." लई पटलं मला. मग सुरू केले प्रश्न.

आणि नेमका तवा तात्याबा येऊन बसला ओट्यावर. तात्याबा आमचा शेजारी. आमच्या गल्लीतली बाकीची घरं दसरा झाला की कुलूप लावून ऊसतोडीला जातेत, कुणी कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. मागं राहतेत म्हातारी माणसं, कोंबड्या आणि तात्याबा. ह्याच्या कानात पडलेलं रेल्वेच्या आधी परळीला पोचतं. मी म्हणलं, काय बे तात्याबा, काम न्हाई का काय तुला? तर म्हणतो, "न्हाई ना." आणि बसला मांडी घालून.

पोरीनं इचारलं, "एकट्यानं जेवावं लागतं याचं वाईट वाटतं का? कधीच नाही, क्वचित, कधी कधी, की नेहमी?" आता तुमीच सांगा, समोर तात्याबा बसलाय कान टवकारून. मी "नेहमी" म्हणलो असतो तर सांच्याला बाजारात काय झालं असतं? "आरं, उत्तरेश्वरला बायको टाकून गेली, ढसाढसा रडत व्हता पोरीफुडं." म्हणलं, कधीच न्हाई. "मनातलं बोलायला जवळ कुणी नाही असं वाटतं का?" कधीच न्हाई. "दार वाजल्यासारखं वाटतं आणि जाऊन बघावं तर कुणीच नसतं, असं होतं का?" आता हे तिला कुणी सांगितलं? मी तिच्याकडं बघाय लागलो आणि तात्याबा माझ्याकडं बघाय लागला. म्हणलं, कधीच न्हाई, आपण निवांत. पोरगी मान खाली घालून बोट लावीत गेली, सगळं एकाच बाजूला.

जाताना म्हणली, "काका, पंधरा दिवसांनी परत येईन. हेच प्रश्न परत विचारायचे असतात." म्हणलं, आता दिलेत की उत्तरं. म्हणली, "माणूस तोच, प्रश्न तेच, म्हणजे उत्तरं साधारण तीच यायला पाहिजेत. फारच वेगळी आली तर आमच्या प्रश्नांत खोट आहे असं समजायचं. पण तुम्ही मुद्दाम जुळवू नका हां, त्या दिवशी वाटेल ते सांगा." शेवटचं वाक्य तिनं स्पष्ट सांगितलं व्हतं, तिची काय चूक न्हाई. पण माझ्या डोक्यात बसलं ते आधीचं. खोट. काट्यावरच्या माणसाला ह्या शब्दावाणी दुसरी शिवी न्हाई.

ती परत यणार त्या दिवशी तुमाला सांगतो, मी घर झाडलं. अंगण झाडलं. खारी आणली, बिस्कुटं आणली, दुधाची पिशवी आणली, आणि लेकरू बीडहून उन्हाचं यणार म्हणून लिंबू सुद्धा आणून ठिवलं. तात्याबा बी नव्हता, पाव्हण्यांबरुबर लिंबागणेशला दर्शनाला गेलता. मोकळं मैदान. आली, बीपी घेतलं, पैलं सोडलं, च्या पेली, खारी बुडवून खाल्ली, घर कसलं छान आहे म्हणली. आणि मग यंत्र काढलं. "काका, एकट्यानं जेवावं लागतं याचं वाईट वाटतं का?"

तुमी अनोळखी हाव म्हणून सांगतो. लई वाईट वाटतं. मी ताट घेऊन टीव्हीम्होरं बसतो आणि जाहिरातीतली माणसं जेवायला बसली की मग घास घेतो. मला लई एकटं वाटतं हो. हितं फाट्यावर तुमाला वाटलं असंल ह्यो म्हातारा कुठंतरी चाललाय. मी कुठंच चाललो न्हाई, मी हितं बसायला येतो, कारण यष्टीची वाट बघणारं माणूस उठून जात न्हाई. हे सगळं माझ्या अगदी व्हटावर आलतं. "ने..." इतकं म्हणलो बी. ती म्हणली, "काय काका?" आणि तिच्या हातातलं ते यंत्र बघितलं आणि माझ्यातला काटेवाला जागा झाला. पैल्यांदा कधीच न्हाई, आता नेहमी? येवढा फरक? पोरीच्या मापात खोट निघणार, तिकडं मोठं डॉक्टर तिला बोलणार, आणि म्हणणार तेलगावच्या काट्यावरच्या माणसानंच खोट काढली. म्हणलं, "नेमकं सांगायचं तर... कधीच न्हाई." आणि मग सुटलोच. कधीच न्हाई, कधीच न्हाई, कधीच न्हाई. ती खूश. "काका, तुमची उत्तरं किती पक्की आहेत." आणि गेली. खारी राहिली, ती मी च्यात बुडवून आठवडाभर खाल्ली. आपण निवांत.

आता मला सांगा, बीपीला पैल्या वेळेला माणूस बिचकतो, आणि प्रश्नाला बिचकत न्हाई? पट्ट्याला भितो आणि तात्याबाला भीत न्हाई? त्या डॉक्टर लोकांना ओट्यावर तात्याबा बसलेला असतो हे ठाऊकच न्हाई का काय?

पण खरं फुडंच हाय. परवा दुपारी इरमचा फोन. म्हणली, "काका, आम्ही जवळच्या माणसालाही तुमच्याबद्दल तेच प्रश्न विचारतो, पडताळायला. तुम्ही काकूंचा नंबर दिला होता ना, त्यांना फोन केला होता." म्हणलं बरं. "तर काकूंचं एकही उत्तर तुमच्याशी जुळत नाही. तुमचं सगळं कधीच नाही, त्यांचं सगळं नेहमी."  म्हणली, "मी त्यांना विचारलं, तुम्ही तर पुण्यात असता, मग कशावरून? तर म्हणाल्या..." आणि पोरीनं मला हिचं बोलणं जसंच्या तसं वाचून दाखवलं. "रोज फोन करतेत आणि रोज इचारतेत, आमटीत मीठ किती घालू. मीठ काय रोज इचारायची गोष्ट हाय का?"

तुमाला सांगतो, मी आपलं समजत व्हतो ती खरंच मीठच सांगायलीय. आणि ती दररोज, न चुकता, न वैतागता, "अर्धा चमचा" म्हणून सांगत आली, जाणूनबुजून.

इरम म्हणली, "तुमची दोन्ही वेळची उत्तरं तंतोतंत जुळतात, काका. काकू लांब असतात, त्यांचा गैरसमज असू शकतो. मग काकूंचा गैरसमज असं लिहू का?"  शाणी पोरगी हाय ती. म्हणली, "नक्की ना, काका?" हळूच म्हणली. दार उघडं करून दिलं तिनं मला. आणि मी काय म्हणलो असंल? म्हणलं, "नक्की. तिला लांबून काय दिसतंय? आपण निवांत."

खरं बोलणारं एकच माणूस व्हतं ह्या सगळ्या अभ्यासात, पुण्यात नवव्या मजल्यावर बसलेलं, आणि त्याच्यावर मी माझ्या तोंडानं फुली मारली.

सांच्याला हिचा फोन. म्हणली, "ती पोरगी काय म्हणली ओ?" म्हणलं, "तुझं चुकलं म्हणली."  मागं नातवाचं कार्टून चाललेलं ऐकू येत व्हतं. मग म्हणली, "बरं झालं बाई. ती एकेक इचारत गेली आणि मी नेहमी, नेहमी म्हणत गेले, आणि माझा जीव नुसता खाली-वर. फोन ठिवला आणि अभिमन्यूला म्हणलं, माझं तिकीट काढ, मी चालले गावाकडं, तुमचं तुमी बघा. काढलंय त्यानं ट्रॅव्हल्सचं. पण आता तुमी येवढे निवांत हाव म्हणल्यावर... करू का रद्द?"

मला बोलायचं व्हतं हो. आकडा थांबायच्या आधी कसा मागं-फुडं हालतो, तसं तोंडात हालत व्हतं नुसतं. ती म्हणली, "सांगा की. खरंच करू रद्द?"

दोनदा इचारलं बघा तिनं. आणि मला दोनदा इचारलं की एकच उत्तर येतं. म्हणलं, "कर."

म्हणली, "बरं."

आता फोन ठिवायचा तर ठिववंना, आणि मिठाचं इचारायची तर सोयच राहिली न्हाई. म्हणून म्हणलं, "रद्द केलं तर पैसं पुरं वापस येतेत का गं?" म्हणली, "न्हाई, थोडं कापून घेतेत." म्हणलं, "कापू दे."