लेकराचा दगड

लिंबाजी : हितं जरा वाकून या, बाईसाहेब. साहेब, तुमी टोपी काढून हातात घ्या. हां. आता बघा वर. ह्या दगडांला आमी दोगी बहिनी म्हनतो. मोठी खाली बसलीय, धाकटी तिच्या खांद्यावर. आता पडंल, मग पडंल म्हनता म्हनता आमचा आजा गेला, बाप गेला. ही काय पडंना.

वच्छलाबाई : अगं बाई. हिच्याखाली उभं राहायलाच नको वाटतंय.

लिंबाजी : राहा की. काय करत न्हाई ती. आमी आंध जमातीची मानसं, ह्या जिंतूरच्या डोंगरातच जन्मलो. लय जनाला हिंडवलं मी हितं. एक गोरा साहेब आला व्हता. दिसभर दगड बघितले अन् शेवटाला पानी मागितलं. बाकी तोंडातून शब्द न्हाई.

किशनराव : लिंबाजी, थोडं आवरतं घ्या. बाईंना ऊन लागतंय.

वच्छलाबाई : लागू दे. तुम्हीच म्हणालात, सडक झाली की यातलं फारसं उरणार नाही, म्हणून तर आले. लग्न झाल्यापासून परभणीबाहेर कधी नेलंय तुम्ही मला?

किशनराव : सगळं जाणार नाही हो. सडकेच्या वाटेत येईल तेवढंच. सडका बांधणाऱ्या तामीरात खात्याचा हुकूम आहे, मी काय हौसेनं डोंगर फोडतोय?

लिंबाजी : तेच मी वाडीवर सांगितलं. म्हनलं, ओव्हरसियर साहेब आपल्या वळखीचा हाय. मोजनीला त्येंची साखळी मीच धरली व्हती.

वच्छलाबाई : आणि खोऱ्यापलीकडं ते पांढरं काय दिसतंय? दगडांवर?

लिंबाजी : चुना. मोजनीवाल्यांनी लावलाय. ते दगड सुटले, बाईसाहेब. ते ठेवायचे.

किशनराव : कोण म्हणालं तुम्हाला असं?

लिंबाजी : म्हनायला कशाला पायजे? फोडायच्या दगडाला कोन चुना लावतंय? आपन चुना घराला देतो, देवाच्या पाराला देतो. जे राखायचं त्येलाच देतो. कसायाला द्यायच्या बैलाची शिंगं कुनी रंगवतंय का?

किशनराव : ...चला, पुढं चला. ते हत्तीसारखं काय म्हणत होता, ते दाखवा.

लिंबाजी : दाखवतो की. पर आदी आमचं ऐका. आमीबी मग डोकं चालवलं. जिंतूरच्या बाजारातून चुना आनला अन् लेकराच्या दगडाला लावला. समदी वाडी राबली. दगडाबाईनं, आमच्या घरधनिनीनं, सोताच्या हातानं कालवला. हात भाजले तिचे, तरी कुनाला हात लावू देईना.

वच्छलाबाई : लेकराचा दगड म्हणजे?

लिंबाजी : आमच्या वाडीत बारकं लेकरू गेलं का जाळत न्हाईत, बाईसाहेब. त्या दगडाच्या बुडाशी मातीत ठेवतेत. ऊन लागू नये म्हनून. आमची दोगं हाईत तिथं. थोरली तर बसायलाबी शिकली नव्हती. दगडाबाई सांजच्याला जाती, टेकून बसती जरा. तेवढाच तिला इसावा.

किशनराव : कुठं आहे हा दगड?

लिंबाजी : तो काय, वाडीच्या वरल्या अंगाला. पिंपरनीच्या झाडापाशी.

किशनराव : पिंपरणीपाशी? अहो, तो सडकेच्या वाटेत नव्हताच. सडक त्याच्या कितीतरी खालून जाते.

लिंबाजी : नव्हता? मग तर लयच बरं झालं. दोन्हीकडून वाचला.

वच्छलाबाई : अहो, काय झालं? तुमचा चेहरा असा का झाला?

किशनराव : काही नाही.

वच्छलाबाई : काही नाही कसं? सांगा त्याला. जे असेल ते त्याला सांगा.

किशनराव : लिंबाजी, बसा जरा. चुना फोडायच्या दगडांनाच लावलाय. सुरुंगवाल्यांना लांबून दिसावा म्हणून. सकाळी मुकादम मला म्हणाला, साहेब, पिंपरणीपाशी एक दगड जास्तीचा दिसतोय. मी म्हणालो, चुना आहे ना? मग घे. खडी लागणारच आहे.

लिंबाजी : असं कसं. मुकादमाला तर मीच नेऊन दाखवला. म्हनलं, ह्यो बघा, ह्योबी चुन्याचा. त्येनं मान हालवली. मी त्येला ताक पाजलं, साहेब.

वच्छलाबाई : मग थांबवा ना. कुणाला तरी पाठवा.

किशनराव : कुणाला पाठवू? इथं आपण तिघंच. खोरं उतरून पलीकडं चढायचं. बारूद ठासून झाली असेल आता.

लिंबाजी : मी जातो. माझ्याइतकं लवकर कुनी उतरायचं न्हाई. तुमची टोपी द्या, साहेब. मला ते हुसकून लावतील. टोपी बघितली का ऐकतील.

किशनराव : घ्या. सांगा, साहेबाचा हुकूम आहे, हात लावू नका. पळा.

(खोऱ्यापलीकडून शिंग वाजतं.)

किशनराव : थांबा. लिंबाजी, थांबा. शिंग वाजलं.

लिंबाजी : हात सोडा.

किशनराव : शिंग वाजलं म्हणजे बत्ती लागली. आता कुणाच्या बापाला थांबत नाही ती. दगड उडतात, मराल तिथं.

लिंबाजी : सोडा, साहेब. पाया पडतो तुमच्या. नुसतं वरडतो तिथं जाऊन.

वच्छलाबाई : देवा रे. केवढा आवाज. पायाखाली हललं. अहो, हा दुसरा कुठला असेल, नाही का? इतके चुन्याचे आहेत.

लिंबाजी : त्योच हाय. पिंपरन दिसंना झालीय धुळीत.

किशनराव : लिंबाजी, मी दुसरा दगड बसवून देतो. याहून मोठा. माझा शब्द आहे.

लिंबाजी : बसवा. पर त्येच्याखाली कोन हाय म्हनून सांगू?

वच्छलाबाई : दगडाबाईला काय सांगाल हो आता?

लिंबाजी : सांगायचं काय. ती वाडीतच हाय. आवाज गेला आसंल तिच्या कानावर. ही घ्या तुमची टोपी, साहेब. मळली न्हाई.

वच्छलाबाई : माझा हात धरा, लिंबाजी. बसा इथं सावलीत. पाणी घ्या.

लिंबाजी : नगं. बाईसाहेब, चुन्यात तिनं शेळीचं दूध घातलं व्हतं. म्हनली, दूध घातलं का पावसानं जात न्हाई.