बिनजोडीचे चार शब्द

ताई: ...तर सही कर आणि मोकळा हो. तीनच्या आत कळवायचंय त्या थेरपिस्टबाईंना.

बाळ्या: अगं, बूट तरी काढू देशील? कसली सही?

ताई: बाबांचे बोलण्याचे धडे बंद करायचे. हळू बोल, आत जागे आहेत. अर्धांगाचा झटका येऊन दोन महिने झाले, बाळ्या, तोंडातून शब्द नाही. तिच्याकडे गेलं की मान फिरवून बसतात. घरी मी रोज सकाळी घोकून घेते, तर हात झटकतात. खुणेनंच नको-नको करतात. मला बघवत नाही रे.

बाळ्या: घोकून घेतेस म्हणजे काय?

ताई: यमक जुळवायचं. आपण एक इंग्रजी शब्द म्हणायचा, त्यांनी जुळणारा. ओळखीचं असतं ते लवकर परत येतं म्हणे.

बाळ्या: बाबांच्या तर हातचा मळ! तीस वर्षं वर्गात दुसरं काय केलं त्यांनी?

ताई: म्हणूनच तर जीव तुटतो. ते सगळं गेलं रे.

बाळ्या: शब्द कुठले देतेस?

ताई: बाईंची यादी होती. कॅट, बॉल, असलं काहीतरी. इंग्रजीच्या मास्तरांना कॅट विचारायचं? मला लाज वाटली. मी माझे काढले, बाईंनाही तेच विचारायला लावले. समोर दिसतील ते.

बाळ्या: कुठले?

ताई: टेबलावर संत्रं असतं, म्हणून ऑरेंज. पडदा जांभळा, पर्पल. त्यांना मिळालेला कप, सिल्व्हर. आणि कॅलेंडरवरून मंथ.

बाळ्या: ...आणि?

ताई: आणि काय? चारच. पहिलं पक्कं झाल्याशिवाय पान उलटायचं नाही, ही त्यांचीच शिस्त. असा काय बघतोस?

बाळ्या: ताई, 'मंथ'ला जुळणारा शब्द सांग.

ताई: मला कुठं येतंय? मी गणितवाली.

बाळ्या: नाहीच आहे. तुझ्या चारांपैकी एकालाही नाही. मी नऊ वर्षांचा असताना बाबांनी मला जेवताना 'मंथ' दिला होता. उत्तर सापडेपर्यंत उठायचं नाही म्हणून मी ताटावर बसून राहिलो हट्टानं. शेवटी आईला दया आली. म्हणाली, ऊठ रे, त्याला जोडच नाही, तुझी फिरकी घेतायत.

ताई: थट्टा करू नकोस हं.

बाळ्या: शपथ. हात कसा झटकतात, करून दाखव.

ताई: असा... आडवा. नाही, नाही.

बाळ्या: अगं, बरोबर उत्तर देत होते ते!

ताई: देवा! रोज, बाळ्या. रोज दहा-दहा वेळा विचारलं मी. परवा तर ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, मुद्दाम करताय तुम्ही.

बाळ्या: चल आत.

ताई: नको. आणि आता नाहीच आलं तर?

बाळ्या: चल म्हणतो ना.

(आतली खोली. बाबा खिडकीपाशी खुर्चीत. ताई दारातच थांबते.)

बाळ्या: बाबा, मी आलोय. एक सांगा पटकन. लाइट?

ताई: राहू दे रे. बघ, ओठ थरथरतायत त्यांचे.

बाळ्या: थांब गं! घाई नाही, बाबा. लाइट.

बाबा: ...ना... नाइट.

ताई: बाबा! बाबा, चुकलं हो माझं. मला ठाऊकच नव्हतं. मारा मला हवं तर, पण असे बघू नका.

बाबा: र... रडू नको. पुढचा शब्द... विचार.