आठ रुपयांचा भोंगा

हॉर्नच्या किमतीचं बोलून राह्यले, तर माझं ऐका. वैनगंगेच्या पलीकडचा नावाडी डोमा कितीबी हाका मारल्या तरी आपल्या मर्जीनंच यायचा. म्हणून मोटारीले हॉर्न बसवाचं ठरवलं. नागपूरच्या दुकानदारानं विजेच्या हॉर्नचे नव्वद रुपये सांगितले. वर म्हणे, "फिटिंगचे दहा वेगळे." चांद्यात साठ, पण ग्यारंटी नाई. मूल गावच्या भंगारवाल्याकडे रबरी फुग्याचा पितळी भोंगा आठ रुपयात भेटला. तोच घेतला.

माझा दोस्त गजाननभाऊ, राईस मिलवाला, त्यानं नागपूरचाच बसवला. मले म्हणे, "तुझा भोंगा बैलबंडीले लाव."

चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी घाटावर पोचलो, तर गजाननभाऊ तासभरापासून हॉर्न दाबून राह्यला होता. पलीकडे डोमा आरामात जाळं विणत बसलेला. मी फुगा दोनदा दाबला. डोमा जाळं टाकून उठला, मुंडासं बांधलं अन् मोटारी नेणारा तराफा घेऊन सरळ आला. हात जोडले, मग माझं तोंड पाहून थबकला.

"तुमी हाय का जी? हा त मालगुजाराच्या मोटारीचा भोंगा."

"ती मोटार भंगारात गेली, डोमाभाऊ. जमीनदाऱ्या गेल्या, तशी मालगुजारीबी गेली."

"ते मले मालूम हाय जी. पायाले नाई मालूम."

माझी मोटार तराफ्यावर चढली, तसा गजाननभाऊ खिडकीशी आला. हळूच म्हणे, "कितीत देतं हा भोंगा?"

म्हटलं, "नव्वद. फिटिंगचे दहा वेगळे."