त्याच्या बेटावरचा चंद्रोदय

नाही गं मयूरा, ते मला परत एकदा सांग – तुझ्या या रिसॉर्टच्या पॅकेजमध्ये सगळं इन्क्लुडेड म्हणजे नक्की काय काय? नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, चहा, मधलं खाणं, दारू – बरं, दारू सोड – आणि हे हवं तेव्हा, हवं तितकं? आणि हातात तो पट्टा बांधतात? प्लॅस्टिकचा? परत निघेपर्यंत काढायचा नाही, आंघोळीलासुद्धा नाही – म्हणजे अगदी आमच्या अनंताच्या दोऱ्यासारखं झालं की! हसू नकोस, खरंच विचारते. कारण माझं कसं आहे, सोमवार असतो, एकादशी असते, संकष्टी असते, आणि चातुर्मासात कांदा-लसूण नाही – मी जेवते कमी नि उपाशी जास्त, असं हे म्हणतात. फिजीला गेलो होतो ना आम्ही, तिथेही असंच होतं सगळं फुकट-फुकट. हे ताटं भरभरून आणायचे आणि मी आपली पपई खात बसलेली. वेटर बिचारा रोज येऊन विचारायचा, मॅम, आर यू अनवेल? मी म्हटलं, नाही बाबा, एकादशी आहे. त्याला काय कळणार – पण तोही भारतीय वंशाचाच निघाला, त्याची आजी करायची म्हणे. मग तो माझ्यासाठी रोज एक शहाळं बाजूला काढून ठेवायचा.

हो, दाखव ना, तेही दाखव. हे म्हणजे आपलं आपण राहायचं, होय ना? खोली घ्यायची, लोकल बसने हिंडायचं, बाजारात जायचं. किती छान आहे गं बाजार! अगं, हे काय – हा नीरफणस आहे! हा, हा हिरवा, खडबडीत. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, मला फोटोतसुद्धा ओळखू येतो. याचे काप करतात, तांदळाचं पीठ आणि तिखट लावून तव्यावर. वेद तिथे गेला ना, त्या पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन, आई, इथे रस्त्याकडेला नीरफणस मिळतो, तुझ्या माहेरी आलोय मी!

वेद, माझा मुलगा. बोलले नाही का मघाशी? मला वाटलं, बोलले. सेंट लुशियालाच, हो, तू दाखवतेस त्याच वेस्ट इंडिजच्या बेटावर. मेडिकलला गेला होता – इकडे सिडनीत नाही मिळाली गं अ‍ॅडमिशन, थोडक्यात गेली – म्हणून तिकडे. हो, म्हणूनच जायचं म्हणते... म्हणजे तसं वाढदिवसालाच, लग्नाच्या. दोघं ना? हो, दोघंच लिही. नाही – थांब – एकच लिही. यांना रजा नाही. पैशांची काळजी नको करूस, माझे आहेत, डबे करते ना मी तुमच्या हॅरिस पार्कमधल्या पोरांचे. तू लिही, एक. मीनाक्षी. पासपोर्टवर आहे तसंच.

हे बघ, तू म्हणतेस ते सगळं पटतं मला. जी पोहत नाही, पीत नाही, निम्मे दिवस जेवत नाही, तिने रिसॉर्टमध्ये कशाला जायचं – खोली घ्या काकू, बेट बघा, धबधबा बघा, गरम पाण्याची कुंडं बघा. बरोबर आहे तुझं. पण मला ते पहिलं, निळ्या छत्र्यांचं रिसॉर्टच हवंय. दुसरं स्वस्त असलं तरी नको. हेच. का म्हणजे... आवडलं. असंच. समुद्र दिसतो.

समुद्र इथे वॉलॉंगॉंगलाही दिसतो, हो गं बाई, ट्रेनमधून दिसतो. चांगली हुशार आहेस तू.

बरं, मग सांगते, पण रेखाजवळ बोलू नकोस, देवळात भेटते ती तुला. तिची ईशानी हनिमूनला गेली होती ना – तिथे. त्या निळ्या छत्र्यांत. जेवायला बसली, तर समोर ताटं घेऊन आपला वेद. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, छातीवर नावाची पट्टी, व्ही-ई-डी. ही वेडी ओरडली, वेददादा! आणि तो म्हणाला, येस मॅम. मॅम म्हणाला गं तिला! तिच्या बारशाला याच्याच हाताने पेढे वाटले होते मी. मॅनेजर मागे उभा, सगळी टेबलं भरलेली, तो जाणार कुठे? मान खाली घालून वाढत राहिला म्हणे. मग पाण्याचा ग्लास ठेवताना हळूच म्हणाला, ईशू, घरी सांगू नकोस. आता ईशानी सांगणार नाही होय? आईला सांगितलं, आणि तिच्या आईने मला, प्रसादाच्या भांड्यांना साबण लावता लावता.

तर डॉक्टर नाही झाला तो. दुसऱ्या वर्षीच सोडलं. त्याला नाहीच जमत होतं ते – प्रेतं नाही बघवायची, झोप उडाली होती पोराची – आणि आमच्या बाल्कनीतून काय दिसतं माहितेय? वेस्टमीडचं हॉस्पिटल. समोरच. हे रोज सकाळी चहा घेऊन तिथे उभे राहायचे, येईल त्याला दाखवायचे, माझा मुलगा इथे लागणार. त्यांना फार लागलं गं. वाईट नाहीत ते. फोनवर एवढंच म्हणाले, डॉक्टर होऊन ये, नाहीतर येऊ नकोस. बाप बोलतो असं रागात. पण हा खरंच आला नाही. फोनही नाही. आणि हे अजून लोकांना सांगतात, इंटर्नशिप चालू आहे. बाल्कनीत मात्र जात नाहीत आता. चहा आतच घेतात.

मी? मी संकष्टी करते. तो झाला तेव्हापासून करते. लहान होता तेव्हा चंद्र बघायचं काम त्याच्याकडे – कठड्याला लोंबकळायचा आणि ओरडायचा, आई, आला, कार पार्कवर आला, जेव आता! मला जेवायला लावायची केवढी घाई त्याला. तिथे गेल्यावरसुद्धा संकष्टीला फोन यायचाच. एकदा म्हणाला, आई, या वेळी माझ्या चंद्रावर सोड ना उपास, मी सांगतो उगवला की. आता तिथे रात्री नऊला चंद्र आला की आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे अकरा वाजलेले. मी म्हटलं, गाढवा, मारतोस का मला? पण सोडला हो त्याच्या चंद्रावर. भर उन्हात, किचनच्या खिडकीशी उभं राहून अर्घ्य दिलं, बाहेर काहीच नाही, शेजारचा माणूस लॉन कापतोय – आणि फोनमध्ये हा हसतोय, उगवला आई, उगवला.

मग फोन थांबले. माझं तेच चालू राहिलं.

हो ना, अजूनही. रात्रभर नाही जेवत, दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे चंद्र आला की मगच. फोनमध्ये दिसते ना तिथल्या चंद्रोदयाची वेळ. हे चिडतात, शुगर आहे तुला, मरशील एक दिवस. गणपतीसुद्धा म्हणत असेल, ही बाई कुठल्या देशाची? पण मला सांग, मी इथल्या चंद्रावर जेवले, तर त्याने जेव म्हणायचं कधी? दर वेळी एकच मेसेज करते – चंद्र दिसला का रे? उत्तर येत नाही. वाचतो मात्र, मेसेजखालच्या त्या दोन खुणा निळ्या होतात. आणि गेल्या संकष्टीला – हे बघ, थांब, चष्मा – हा फोटो आला. शब्द एकही नाही. चंद्र, आणि खाली बसस्टॉप, बाकडं, आणि ती मागे कमान, निळ्या छत्रीचं चित्र. ड्युटी संपवून तिथेच बसत असणार तो, बसची वाट बघत. जेवलाय की नाही, देव जाणे.

म्हणून म्हटलं ते रिसॉर्ट. कळलं आता? एरवी तो मला भेटायचा नाही, पण तिथे मी गिऱ्हाईक. माझ्या टेबलाशी त्याला यावंच लागेल. पाणी आणावं लागेल. मी पट्टा बांधून बसेन, आणि तो येईल, आणि मी म्हणेन, वेद – आणि तो म्हणेल...

...येस मॅम, म्हणेल.

जरा पाणी दे गं.

नाही, मी ठीक आहे. सकाळपासून हाच विचार चालला होता, की त्याला पळता येणार नाही, पळता येणार नाही – देवाला दिवासुद्धा लावला त्यासाठी. आणि आत्ता तुझ्यासमोर बोलले तेव्हा दिसलं. मागे मॅनेजर, हातात ताट, समोर आई. पळायला जागाच नाही पोराला. आणि एकदा नव्हतीच ठेवली आम्ही, म्हणून तर गेला ना तो.

काढ ते. ते निळं काढून टाक. ती खोली परत दाखव, बाजाराजवळची. तिथून त्या बसस्टॉपला बस जाते का बघ. जाते? मग झालं. मी जाईन आपली संध्याकाळी, बाकड्यावर बसेन. त्याची ड्युटी सुटेल, तो कमानीतून बाहेर येईल, लांबून बघेल. यावंसं वाटलं तर येईल. नाही वाटलं तर पुढच्या स्टॉपला चढेल, पोरगा आहे, पाय आहेत त्याला. मी हाक मारणार नाही. डबा असेल मांडीवर, वास येईल तेवढाच. खोलीत गॅस आहे ना? तवा मी इथून नेते, तिथला हातचा नसला तर नीरफणसाचे काप चिकटतात.

तारीख? संकष्टी धरून घे. तिथली हं, इथली नको.

नाही आला तर, म्हणजे? असं विचारतात का गं कुणाला?

नको, समुद्र दिसणारी बाल्कनी नको, कशाला जास्तीचे पैसे. मी काही खोलीत बसून चंद्र बघणार नाहीये. बघणारा येईल आणि सांगेल, आला, जेव आता. नाहीतर जेवेन मी उशिरा. उशिरा जेवायची सवय आहे मला.

तू बुक कर. डोळे पूस आधी, मागे माणसं थांबलीत. एक, हो. एकच.