चौदा नंबरचा बाण

मामा: ते काही नाही! माइकवाल्याला मी सांगून आलोय. चौदा नंबरचा बाण उडायच्या आधी तो म्हणणार, "हा बाण खामसिंगचा! आणि खामसिंगची भाची दुआंगफेन, तिनं बनवलेला तारा या घटकेला आपल्या डोक्यावर फिरतोय!"

फेन: मामा, पाया पडते तुमच्या. तेवढं नका सांगायला लावू.

मामा: का? बँकॉकला जाऊन लाजायला शिकलीस होय? लहानपणी याच मांडवात माइक हिसकावून गाणी म्हणायचीस.

फेन: तेव्हा मी सात वर्षांची होते.

मामा: भन्ते, तुम्ही तरी सांगा हिला. तुमच्या विहाराच्या अंगणात वाढलेली पोर ही.

भन्ते: आत्मा काय सांगणार? आत्मा सावली बघून बसलाय नुसता.

फेन: बघा! बुद्धानं जन्मभर कानीकपाळी ओरडून सांगितलं, आत्मा नाही म्हणून. आणि आपल्याकडचे भन्ते 'मी' म्हणायच्या जागी 'आत्मा' म्हणतात. आत्म्याला ताप आलाय. आत्म्याला सरबत चालेल.

भन्ते: चालेलच. लिंबाचं असेल तर उत्तम. दुपारनंतर जेवायचं नसतं, सरबताला बंदी नाही. आणि पोरी, शब्दांचं असंच असतं. घरात भाडेकरू नवा येतो, दारावरची पाटी जुन्याचीच राहते.

मामा: झालं! बसले दोघं शब्द सोलत. नंबर कितवा चाललाय?

फेन: अकरावा. मचाणावर चढवतायत.

मामा: अकरावा म्हणजे पलीकडच्या गावचा. बघ, बघ, बांबूची शेपूट कशी बांधलीय! ही काय शेपूट झाली? हा आडवा जाणार.

फेन: मागच्या वर्षी तुमचा कुठे गेला होता?

मामा: मागच्या वर्षी दारू सर्दावली होती.

फेन: आणि त्याच्या आदल्या वर्षी?

मामा: बांबू किडका निघाला.

भन्ते: त्याच्याही आदल्या वर्षी वारा होता. आपला जिल्हा यासोथोन. मूळचा यशोधर, म्हणजे यश धरून ठेवणारा. खामसिंगनं मात्र तीन वर्षं नुसता चिखल धरून ठेवलाय.

मामा: हसा, हसा! पण चिखलात टाकताना एकदा तरी कुरकुरलो का? बाण पडला की बनवणारा खड्ड्यात, हा कायदाच आहे. चौघांनी उचललं, फेकलं, गाव पोट धरून हसलं. बाहेर आलो, कोणीतरी हातात पेला दिला. संपला विषय.

फेन: का पडला म्हणून कोणी विचारत नाही?

मामा: विचारतात की! पण चिखलातून बाहेर आल्यावर. आधी विचारलं तर माणूस खोटं बोलतो.

भन्ते: वारा होता म्हणतो.

मामा: भन्ते!

फेन: उडाला, उडाला अकरावा! घड्याळ लावलं पंचांनी.

भन्ते: हे पंच 'विनाटी' मोजतायत ना, ती मूळची विनाडी. जुने ज्योतिषी वाटीला भोक पाडून ती पाण्यावर सोडायचे. वाटी बुडाली की एक नाडी झाली. चोवीस मिनिटं. तिचा साठावा भाग विनाडी, म्हणजे चोवीस सेकंद. आपल्या देशात पोचेपर्यंत नाडीचं मिनिट झालं आणि विनाडीचा सेकंद.

मामा: वाटेत कोणी खाल्लं बाकीचं?

भन्ते: ते आत्म्याला ठाऊक नाही.

मामा: थांबा, थांबा. म्हणजे माझा बाण दोनशे विनाटी वर राहिला, तर जुन्या हिशेबानं किती?

फेन: ऐंशी मिनिटं.

मामा: आणा मग ती वाटी! पंचांना म्हणावं, आमचा बाण वाटीवर मोजा.

फेन: तेवढ्यात पृथ्वीची फेरी होत आली असती त्याची. आमच्या ताऱ्याला, म्हणजे उपग्रहाला, एका फेरीला पंच्याण्णव लागतात. अरे, हा गेला आडवा! भाताच्या खाचरात घुसला.

मामा: बोललो नव्हतो? शेपूट! नेतायत बघ त्याला खड्ड्याकडे. जाडा आहे, चौघांना नाही उचलायचा. ते जाऊ दे, तुझा तारा आहे कुठे आत्ता? तुमच्या फोनात दिसतं म्हणे.

फेन: दिसतं. हा बघा. हा हिरवा ठिपका.

भन्ते: आत्म्यालाही बघू दे. अं हं, आत्म्याच्या हातात नको. मामाकडे दे, त्याच्याकडून आत्मा घेईल. बायकांच्या हातून थेट काही घ्यायचं नाही, विसरलीस वाटतं शहरात. हां. दूरशब्द! पुस्तकात फोनला हेच नाव आहे अजून. लांबून येणारा शब्द. किती नेमकं. संगणकालासुद्धा पंडितांनी 'गणितकरण' असं झोकदार नाव काढलं होतं, पण लोकांनी ते काही तोंडात घेतलं नाही.

मामा: माझ्याही नाही बसत तोंडात. फेन, हा ठिपका तर पार तळाशी दिसतोय.

फेन: दक्षिण ध्रुवावर आहे. तिथून निघाला की अर्ध्या तासात आपल्या डोक्यावर.

मामा: म्हणजे माझा बाण उडेल तेव्हा! जुळून आलं की गं! आमचा बाण वर निरोप नेणार, थाएनराजाला सांगणार, बाबा रे, पाऊस सोड, शेतं तोंड वासून बसलीत. आणि तुझा खाली निरोप आणणार. आपल्या खाचरांचे फोटो काढणार होता ना तो? काढले? दाखव की.

फेन: तो बोलत नाही, मामा.

मामा: कोण बोलत नाही?

फेन: तारा. वर गेल्यापासून एक शब्द नाही. तीन आठवडे झाले. फिरतोय, पण मुका. म्हणून म्हणते, माइकवर नका सांगायला लावू.

मामा: पण सुखरूप पोचला म्हणून तर बातम्यांत दाखवलं! मी अख्ख्या आळीला चिकट भात आणि भाजलेली कोंबडी खाऊ घातली!

फेन: पोचला सुखरूपच. वर नेणाऱ्यांचा बाण चांगला होता. आमच्या डब्याची शिंगं उघडली नाहीत.

भन्ते: शिंगं?

फेन: बोलायची पट्टी असते, भन्ते. सुताराची पोलादी मोजपट्टी असते ना, तशी. जाताना ती डब्याभोवती गुंडाळतात आणि मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यानं बांधून टाकतात. वर पोचलं की दोऱ्याखालची बारीक तार तापते, दोरा जळून तुटतो, पट्टी फटकन सरळ होते. मग तो बोलायला लागतो.

मामा: म्हणजे दोरा तुटला नाही. तार तापली नसणार! ती तार बनवणाऱ्याला धरा की!

फेन: धरलंय. पकोन त्याचं नाव. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. सोमवारी चौकशी समिती बसणार आहे, अकरा माणसं. सगळं त्याच्यावर शेकणार. तीन आठवडे तो आमच्यात जेवायलासुद्धा बसत नाही, जिन्यात बसून खातो.

भन्ते: आणि तू?

फेन: मी राजीनामा लिहून ठेवलाय. तुमच्या हातातल्या फोनातच आहे. पाठवला की सुटले.

भन्ते: तार पकोनची, आणि राजीनामा तुझा? हे गणित आत्म्याला नाही सुटत.

मामा: बोल की गं. आमच्यापाशी कसला पडदा?

फेन: दोरा मी बांधला होता. कागदावर लिहिलेलं होतं, एक वेढा आणि साधी गाठ. तीच सगळ्या चाचण्यांत तुटत होती. पण शेवटच्या दिवशी मी त्या खोलीत एकटीच होते, आणि मनात आलं, वर जाताना किती हादरे बसतात. वाटेतच सुटली तर? म्हणून मी आणखी एक वेढा घेतला. आणि...

मामा: आणि काय?

फेन: तुमची गाठ मारली.

मामा: कुठली? शेपटीची?

फेन: शेपटीची. दोनदा पीळ देऊन, टोक खाली दाबून. तार एका वेढ्यापुरतीच तापते, मामा. दुसरा वेढा तसाच राहिला असणार.

मामा: अरे देवा. अगं, ती गाठ सुटत नसते! बांबू किडका निघाला त्या वर्षी माझ्या बाणाच्या चिंधड्या झाल्या, तरी शेपूट गाठीसकट सापडली होती.

फेन: माहीत आहे. म्हणून तर मारली.

भन्ते: ऑफिसात कोणाला ठाऊक आहे हे?

फेन: आत्ता तुम्हा दोघांना सांगितलं. मला सांगायचं होतं, भन्ते. पहिल्या दिवशीच सांगायचं होतं. मग पकोनचं नाव पुढे आलं आणि मी गप्प बसले. मग रोज एकेक दिवस गप्पच बसत गेले. मला माझीच शिसारी आलीय. वर गेलेली वस्तू आता उतरवून गाठ तर सोडता येत नाही. तिथं हात पोचत नाही कोणाचा.

भन्ते: तिथं म्हणजे अवकाशात. लहानपणी तुला क्षमा मागायचा पाठ शिकवला होता. पहिला शब्द कोणता?

फेन: ओकास.

भन्ते: ओकास. मला वाव द्या, बोलायची संधी द्या. तुमचा अवकाश आणि आमचा ओकास, शब्द एकच. एक संस्कृतच्या दारानं आपल्याकडे आला, एक पालीच्या. एकाला आपण आभाळापलीकडे पाठवलं, दुसरा गावात राहिला.

मामा: भन्ते! पोरगी रडकुंडीला आलीय आणि तुम्ही शब्दांचे सांधे कसले मोजताय?

भन्ते: आत्म्याला दुसरं येतं काय?

फेन: असू द्या, मामा. बरं वाटतं ऐकायला. बोलता बोलता बारावा-तेरावाही उडून गेले, तुमचा नंबर पुकारतायत.

मामा: ऐकलं मी. माइकवाल्याला सांगतो, तुझं नाव गाळ. फक्त खामसिंग म्हण. आता मी बत्ती द्यायला जाणार. उडाला तर खांद्यावर, पडला तर खड्ड्यात. पण बाण माझा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुमच्याकडे बाण कोणाचा ते कळत नाही का?

फेन: आमच्याकडे सगळ्यांचा असतो. त्यामुळे पडला की कोणाचाच नसतो. मग शोधून काढतात एखाद्याला.

मामा: कसलं गाव म्हणायचं ते! भन्तेंकडचा हा फोन घे तुझा. चल, येतो. ए पोरांनो, सरका, सरका!

भन्ते: चढला बघ मचाणावर. या वयात. गुडघे दुखतात म्हणून काल विहारात तेल मागायला आला होता.

फेन: यंदा पडला तर पुढच्या वर्षी बाण शेजारच्या तालुक्यातून विकत आणणार म्हणे.

भन्ते: हो. ठरलंय तसं पंचायतीत. त्यानं तुला सांगितलं नाही ना?

फेन: नाही. मामीनं सांगितलं. भन्ते, बत्ती दिली!

भन्ते: गेला. गेला गं! सरळ गेला!

फेन: धूर बघा, कुठेही वाकडा नाही. जा, जा, जा! चाळीस झाले. दिसतोय तुम्हाला?

भन्ते: आत्म्याला मोतीबिंदू आहे. तू सांगत राहा.

(काही वेळानं. मामा लोकांच्या खांद्यांवरून उतरून मांडवात येतात. चेहऱ्यावर कोणीतरी पांढरी पावडर फासली आहे.)

मामा: दोनशे सहा! पंचांनी दोनदा घड्याळ बघितलं! पहिला नंबर नाही यायचा, पण कोण विचारतो? पुढच्या वर्षीही बाण खामसिंगच करणार, सरपंच स्वतः म्हणाला! फेन, अगं, तू रडतेस की हसतेस?

फेन: दोन्ही. मामा, खड्डा रिकामा आहे का आता?

मामा: माझ्यासाठी ताजं पाणी ओतून ठेवलं होतं. फुकट गेलं बिचाऱ्यांचं.

फेन: फुकट कशाला? माझा बाण पडलाय ना.

मामा: तुझा? अगं, त्याची इथे कुठे नोंद आहे?

फेन: हे बघा, ठिपका कुठे आलाय. गावाच्या वेशीत आहे आत्ता. कायदा लागतो की नाही?

मामा: भन्ते, लागतो?

भन्ते: वेशीत आला म्हणजे लागायला हवा. वर किती उंच, ते कुठे लिहिलेलं नाही.

मामा: पँट पांढरी आहे तुझी.

फेन: असू दे. फोन या उपरण्यावर ठेवते, भन्ते, तेवढा सांभाळा. बोलवा त्या चौघांना.

मामा: थांब, थांब. वेढा तुझा, पण गाठ माझी. मीही येतो.

फेन: तुमचा तर उडाला!

मामा: खालचा उडाला. वरचा, माझ्या गाठीचा, तो नाही ना? ए, इकडे या रे! दोघं आहेत आज! हिला जपून उचला, आणि मला कसंही!

भन्ते: अरे, अरे, सावकाश! गेली. दोघंही गेली. चीवरावर उडाला की रे! खामसिंग, डोकं वर काढ आधी!

मामा: आहे, आहे! जिवंत आहे! फेन, कशी आहेस?

फेन: थू! तोंडात गेलाय सगळा. गार आहे हो! छान गार आहे.

मामा: हसतायत बघ सगळे. कशाला हसतायत, एकालाही ठाऊक नाही. ए, पेला आणा रे हिला!

फेन: पेला नंतर. भन्ते, एक फोन लावून द्याल? माझे हात बरबटलेत. पकोन म्हणून नाव असेल.

भन्ते: इथे आधी तुझा राजीनामाच उघडतोय. 'पाठवू का' म्हणून विचारतोय.

फेन: त्याला म्हणावं, थांब. आधी पकोन.

भन्ते: हा सापडला. लावला. वाजतोय. मोठ्यानं ऐकू यायचं बटण कुठलं? हे का? हां, बोल आता.

फेन: पकोन? फेन बोलतेय. गावाला आहे रे, बाणांची जत्रा आहे, म्हणून आवाज आहे. नाही, नाही, रडत नाहीये. डोळ्यात चिखल गेलाय. ऐक. तुझी तार चांगली होती. दोरा मी बांधला होता.