मागच्या रांगेची अडीचकी

छडीचं कौतुक मला सांगू नका राव. सन पन्नासच्या सुमाराला मी चिंचवडला मास्तर होतो. शाळा तपासायला दिपोटी आले. हेडमास्तरांनी महिनाभर छडीनं अडीचकीचा पाढा घोकवलेली पोरं पुढं बसवली आणि ‘ढ’ म्हणून सोडलेली मागं.

दिपोटींनी पुढच्याला विचारलं, “सतरा अडीच किती?”

पोरगं उभं राहिलं, पण नजर छडीवर. तोंडातून शब्द फुटेना. दुसरं उठलं, त्याचंही तेच. हेडमास्तरांच्या टोपीखालून घाम ओघळायला लागला. शाळेवर वाईट शेरा बसणार, हे मी धरूनच चाललो.

तेवढ्यात मागून सखू उठली. “साडेबेचाळीस!”

“एकोणीस अडीच?”

“साडेसत्तेचाळीस!” आता मागची अख्खी रांगच ओरडली.

दिपोटी खूश होऊन गेले. हेडमास्तरांनी सखूला गाठलं. “तुला कुणी शिकवलं गं?”

“तुमीच की गुर्जी. पुढच्यांना शिकवता तवा आमी ऐकतो. आमाला कुठं कोन मारतंय?”

दुसऱ्या दिवशी टेबलावर छडी दिसेना, म्हणून मी हेडमास्तरांना विचारलं.

म्हणाले, “सकाळी बंबात घातली. पहिल्यांदाच कामाला आली.”