रुंदी लिहायची राहिली

माझा जन्म पालमकडच्या एका खेड्यातला. वडील मोंढ्यात मापाडी होते, शेतकऱ्याचा माल काट्यावर मोजून द्यायचे, अन् मोजल्याबिगर तोंडातून आकडा काढायचा न्हाई हे त्यायचं रोजचं बोलणं. मी बी तेच शिकलो. दहावीनंतर जिनिंगच्या वजनकाट्यावर लागलो ते आजपोवतर तिथंच हाय, कापसाची गाडी भरलेली मोजायची, रिकामी मोजायची, मधला आकडा लिहायचा. आता राहतो त्या गावाचं नाव तेवढं घालू नका. यात कुणी चोर न्हाई, उगं कुणाचं नाव कशाला खराब करायचं.

तर आमच्या मंडळीला, निर्मलाला, शुगर निघाली. डॉक्टर म्हणले रोज पाऊण तास चाला. चालायचं कुठं? आमच्या वॉर्डात गल्ल्या लय बारीक, त्यात मोटारसायकली, कुत्री. मग या बाया पहाटं जिंतूरकडं जाणाऱ्या मोठ्या रस्त्यानं निघायच्या, अकरा जणी, साड्यांवर स्वेटर अन् पायात नवऱ्याचे नाहीतर पोराचे बूट. एक दिवस उसाच्या ट्रॉलीनं कट मारला अन् शेजारच्या गयाबाई खड्ड्यात पडल्या, मनगट मोडलं. निर्मला त्यांच्या बाजूलाच होती, हातभर अंतरावर. ती घरी आली, रोजच्यासारखा चहा ठेवला. मीच दिवसभर काट्यावर दोनदा आकडा चुकलो.

त्याच सुमारास निवडणूक आली. आमच्याकडं कसं हाय, उमेदवार दारात आला की प्रत्येकाची येगळी मागणी, कुणाला बोअर, कुणाला समाजमंदिर, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला हायमास्ट दिवा. शेवटी कुणालाच काही मिळत न्हाई. मी घरोघर फिरलो, या वक्ताला सगळ्यांनी मिळून एकच मागू म्हणलो, नाल्याच्या काठानं चालायचा ट्रॅक. किराणावाला म्हणला, काका, चालायला पैसे लागतात हे आजच कळलं. तरी सही दिली त्यानं. माझ्या शब्दावर दिली. मी स्वतः टेप धरून मोजलं, पुलापासून शाळेच्या भिंतीपोवतर एक हजार चार मीटर भरलं, अन् अर्जात लिहिलं, एक किलोमीटर लांबीचा ट्रॅक व्हावा. उमेदवार म्हणला, निवडून द्या काका, पयला नारळ याच कामाचा फोडतो.

अन् फोडला की त्यानं. खोटं कशाला बोलू. निवडून आला, निधी आणला, ब्लॉक बसवले, फीत कापली. मी टेप घेऊन गेलो, एक हजार मीटर, एक फूट कमी न्हाई. रुंदी मात्र अडीच फूट.

मी इंजिनिअर साहेबाकडं गेलो. पोरगा भला होता, खुर्ची दिली. म्हणला, काका, मंजूर रक्कम ठरलेली, काम चौरस मीटरवर. लांबी तुमी लिहून दिली, खाली एवढ्या सह्या, ती कमी केली असती तर लोकं म्हणले असते बाकीचा ट्रॅक खाल्ला. मग रुंदी उरंल तेवढी निघाली. मी अर्जाची नक्कल काढून पाहिली. लांबी दोन ठिकाणी लिहिली होती, एकदा आकड्यात, एकदा अक्षरात. रुंदीचा शब्दच न्हाई.

पयल्या दिवशी बाया गेल्या, एकीमागं एक. गयाबाई पुढं होत्या, दहा मिनटांत परत फिरल्या, म्हणल्या आमी काय प्रार्थनेला चाललेल्या पोरी हाव का एका लाईनीत चालायला? मी निर्मलाला म्हणलो, अगं शुगर पायानं उतरते, तोंडानं न्हाई. ती म्हणली, तुमच्यासंगं दिवसभर मुकाट बसते की, तिथं बी मुकाट चालू? आमी बोलायला जातो, त्यात चालणं होतं. अन् म्हणली, गाडीमागं दहा किलो सोडत न्हाई तुमी, अन् बायकांची रुंदी सोडली? दुसऱ्या दिवशी सगळ्या पुन्हा मोठ्या रस्त्याला. ट्रॅकवर आता शेळ्या चालायल्यात, अन् किराणावाला मला रोज इचारतो, काका, शेळ्यांची शुगर उतरली का?

रुंद करून द्या म्हणून नगरसेवकाकडं गेलो. तो म्हणला, मी शब्द पाळला काका, कागदावर काम पूर्ण हाय, त्याच कामाला पुन्हा निधी मागता येत न्हाई. बरोबर होतं त्याचं. माणूस फसवतो तेव्हा भांडता तरी येतं, इथं कुणाशी भांडू, सांगा.

आता पुन्हा निवडणूक तोंडावर आलीय. तो परवा घरी आला होता, काय मागणी काका म्हणला. मी म्हणलो, मला आता मागायचा हक न्हाई. निर्मला आतून आली अन् म्हणली, चार बाया एकमेकींना न ढकलता शेजारी शेजारी चालल्या पाहिजेत, एवढं रुंद. तो हसला, काकू, फुटात सांगा. तर तिनं गयाबाईला अन् अजून दोघींना हाक मारली, दारापुढं चौघी ओळीत उभ्या राहिल्या, हात जरा मोकळे सोडून, अन् मला म्हणली, लावा टेप. नऊ फूट दोन इंच. मी लिहिलं, अन् सवयीनं इचारलं, लांबी? ती म्हणली, पैशात बसंल तेवढी. आमी जाऊ अन् वळून परत येऊ, वळायला काय पैसे पडतात व्हय?

तो गेल्यावर मी हिशोब केला. तेवढ्याच निधीत नऊ फूट दोन इंचांचा दोनशे बहात्तर मीटर ट्रॅक पयल्याच खेपेला झाला असता. दिवसातून आठ फेऱ्या मारल्या असत्या त्यायनी. सह्या गोळा करताना इतकी घरं फिरलो, घरातल्या बाईला इचारलं न्हाई.

अर्ज दिलाय. त्याला मत पडंल, पडणार न्हाई, नवा निधी दुसऱ्या नावानं येईल, न्हाई येणार, मला काही सांगता येत न्हाई, अन् आता लोकायपुढं शब्द टाकायची हिंमत बी न्हाई. सध्या मी पहाटं या बायांच्या मागं निघतो, दहा पावलं मागं, ट्रकाच्या बाजूनं, मोबाईलची बॅटरी मागं करून. त्यांचं बोलणं चालू असतं, मला ऐकू येत न्हाई, यायला बी नको. पुलापशी वळताना मोजतो, गल्लीत शिरताना पुन्हा मोजतो. अकरा भरल्या की दार लावतो. रोज भराव्यात, एवढंच.